डोळ्यांवरचा हात

सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर प्रमाणपत्र आलं. तेरा वर्षांखालच्या मुलांनी तो पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायचा होता. माझ्या पुढच्या रांगेत सहाएक वर्षांची एक मुलगी आईबाबांच्या मधे बसली होती. दारावर तिकीट तपासणाऱ्याने तिचं वय विचारलं, तेव्हा तिचे बाबा हसून म्हणाले होते, "आम्ही आहोत ना सोबत."

मध्यंतरानंतर पडद्यावर एक माणूस बायकोला मारू लागला. आईचा तळहात सवयीने मुलीच्या डोळ्यांवर गेला. मार्गदर्शन म्हणजे आपल्याकडे एवढंच. लहानपणी माझ्याही डोळ्यांवर असाच हात यायचा, कणकेचा वास असलेला. त्या हाताआड जे ऐकू आलं त्याची चित्रं मी मनातच काढली, आणि ती पडद्यावरच्यापेक्षा वाईट असणार. अजूनही दार जोरात आपटलं की त्यातलं एखादं समोर येतं. आईला हे मी कधी सांगितलं नाही. तिला वाटतं, तिने मला वाचवलं.

मुलीने पाय खुर्चीवर आखडून घेतले. अनोळखी माणसाशी मी सहसा बोलत नाही. तरी मी पुढे वाकून म्हटलं, "ताई, तिला जरा बाहेर नेता का? आवाज ऐकू येतोय तिला."

त्या वळल्या. रागावल्या नव्हत्या, फक्त गोंधळल्या होत्या. "अगं, तिला काही दिसत नाहीये."

हाताखालून मुलगी म्हणाली, "आई, त्या काकूंना कुणी सोडवत का नाही?"