म्हैस आज कुठं बांधली?

जानराव पंचायत समितीत कारकून होते आणि त्यांचा जगात कोणावरच भरवसा नव्हता. फुकट चहा पाजणाऱ्यावर तर मुळीच नाही. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. तालुक्यातल्या गुराढोरांची कार्डं त्यांच्या ताब्यात असत. एका जनावराला एक कार्ड, वर मालकाचं नाव आणि गाव.

त्या साली वरवट बकालात बुळकांडी शिरली आणि गुरं पटापट मरू लागली. जिल्ह्याहून लस आली, सोबत सूचना: ‘रोग असलेल्या गावातील जनावरांची कार्डे काढून त्यांनाच लस द्यावी.’ जानरावांनी वरवटच्या मालकांची कार्डं काढून गुरांच्या डॉक्टरांच्या हवाली केली. पोच घेतली, हे सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी वरवटची शालूबाई दारात उभी राहिली.

“बाबूजी, शेजारची गाय मेली. माह्या म्हशीले डाक्टर सुई देत नाही. कार्ड नाही म्हन्ते.”

“म्हैस कोनाची?”

“माह्या दावनीले हाय.”

“ते नाही इचारलं मी.”

जानरावांच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्याची म्हैस सरकारी कार्डावर चढवून घ्यायचा डाव दिसतो. खोदून विचारलं तेव्हा कुठं तिनं सोनाळ्याच्या उकंडरावांचं नाव घेतलं. कार्ड त्यांच्याच नावावर, सोनाळ्याच्या गठ्ठ्यात. त्यांची पारडी तिनं अर्ध्या वाट्यानं वाढवायला घेतली होती. व्याली की किंमत करायची, अर्धी त्यांची, अर्धी तिची. सगळा करार तोंडी. म्हैस आता व्यायला आली होती, आणि तीच मेली तर दोन वर्षांची मेहनत मातीत.

जानरावांनी सायकल काढली आणि सोनाळा गाठलं. कार्डावर गाव वरवट लिहू का, असं विचारताच उकंडरावांनी सरळ नकाराची मान हलवली.

“कार्डावर वरवट लिवलं का म्हैस तिची झाली. मी नाही लिवू देनार.”

“अन् मरू देता काय?”

“तुमी लोक आधी लिवता, मंग आमी कोर्टात जातो.”

परतताना जानरावांना स्वतःचीच चीड आली. गावातील म्हणजे त्या गावच्या मालकाची, की त्या गावात बांधलेली? सूचनेत याचा खुलासाच नव्हता, आणि सगळ्यांवर संशय घेणाऱ्या जानरावांनी त्या सूचनेवर मात्र घेतला नाही. रोग काय मालकाचं नाव विचारून येतो?

त्यांनी सूचनेखाली लिहिलं: ‘मालकाचं नाव व गाव तसंच राहील. जनावर आज जिथं बांधलं आहे, त्या गावात त्याला लस द्यावी. यावरून कुणाचाही हक्क ठरत नाही.’ साहेबांची सहीही घेतली, कारण उद्या साहेब कानावर हात ठेवतील याची त्यांना खात्री होती.

जानराव डॉक्टरांना घेऊन वरवटला लस टोचायला गेले तर उकंडराव आधीच हजर. डोळा सुईवर नव्हता, शालूबाईवर होता. डॉक्टर पुढं झाले तशी ती आडवी आली.

“आधी तो कागद वाचा.”

जानरावांनी वाचला.

“दुसऱ्याले वाचू द्या.”

शाळेच्या मास्तरांना बोलावलं. त्यांनीही तेच वाचलं. मग उकंडरावांनी पुन्हा वाचायला लावलं. डॉक्टर वैतागले. जानरावांना मात्र अजिबात राग आला नाही. त्यांच्या जागी आपणही हेच केलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शेवटी शालूबाई बाजूला झाली आणि तिनं दावं आवळून धरलं. उकंडरावांनी पुढं होऊन शिंगं धरली. एकमेकांकडे न बघता दोघांनी म्हैस घट्ट धरून ठेवली आणि डॉक्टरांनी सुई टोचली.