हुल्डा ब्रेकहुसने लिहिलेला आकडा

थिओडोरा हे गाव इंजिनाला तहान लागते म्हणून वसलं. याहून मोठं कारण कुणी सांगितलं, तर तो आमच्या गावचा नाही, किंवा त्याने गावाच्या पंच्याहत्तरीची पुस्तिका वाचलेली आहे. त्या पुस्तिकेत 'दूरदृष्टीच्या पूर्वजांनी' वगैरे छापलंय. कसली दूरदृष्टी! वाफेच्या इंजिनाला दर दहा-बारा मैलांवर पाणी लागायचं. रेल्वे कंपनीने मिनेसोटाच्या नकाशावर पट्टी ठेवली आणि खूण पडली तिथे पाण्याची टाकी उभी केली. नाव दिलं एका संचालकाच्या पुतणीचं. ती थिओडोरा काही इकडे कधी फिरकली नाही. शहाणी असणार.

नॉर्वेहून आलेले आमचे आजे-पणजे तेव्हा दोन मैलांवर ओढ्याकाठी राहत होते, चांगले सुखात. रूळ आपल्याकडे येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी एका हिवाळ्यात घरंच्या घरं ओंडक्यांवर चढवली आणि बैल जुंपून रुळांकडे ओढत नेली. चर्च तेवढं मागे राहिलं होतं. ते निघेपर्यंत बर्फ वितळलं आणि अर्ध्या वाटेत ते चिखलात रुतून बसलं. चार महिने रविवारची प्रार्थना ग्रॅबोच्या ओटच्या शेतात झाली. गुडघाभर चिखल तुडवत सगळे जायचे, पण एकानेही हूं की चूं केलं नाही. तक्रार करणं आमच्यात वाईट दिसतं. काही मागणंही वाईट दिसतं. दिलेलं लगेच घेणं तर त्याहून वाईट.

अशा गावात हुल्डा ब्रेकहुस एकतीस वर्षं स्टेशनमास्तर होती.

आधी तिचे वडील होते. एकोणीसशे सव्वीस साली त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि हुल्डा तारयंत्रापुढे जाऊन बसली. सही करायची 'एच. ब्रेकहुस' अशी. कंपनीची पत्रं अकरा वर्षं 'मिस्टर एच. ब्रेकहुस' यांच्या नावाने येत राहिली. मिस्टरांचा पगार मिसपेक्षा बरा होता, आणि कंपनीच्या चुका सुधारणं हे स्टेशनमास्तरच्या कामांत कुठे लिहिलेलं नव्हतं. शेवटी एक तपासनीस आला. त्याने तिचा स्कर्ट पाहिला, ग्लासभर पाणी प्यायला आणि काही न बोलता पुढच्या गाडीने निघून गेला. आमच्याकडची हवा त्याला मानवली असावी.

बाकी हिशेबाला बाई भलतीच कडक. माझा लोण्याचा कारखाना. रोज सकाळच्या दहाच्या गाडीने सायीचे कॅन शहरात जायचे. एकदा एका कॅनवर मी वजन लिहिलं अडतीस पौंड. तिने उचलून काट्यावर ठेवला.

"आर्विड, बेचाळीस भरतात."

"अगं, चार पौंडांनी कंपनी बुडणार आहे का?"

"बुडणार नाही. पण बेचाळीस भरतात."

माझं डोकंच फिरलं. पुढची दोन वर्षं मी तिच्याशी फक्त हवामानावर बोललो. आमच्यात यापेक्षा मोठं भांडण होत नाही. तरी कॅन चढवायला मी स्वतःच जायचो, कारखान्यात दोन धडधाकट माणसं असताना. का, ते विचारू नका. गावातही कुणी विचारलं नाही.

मग डिझेलची इंजिनं आली. त्यांना तहान लागत नाही. चोपन्न साली टाकी पाडली, आणि आता हे गाव इथे कशासाठी आहे हा प्रश्न सगळ्यांच्या मनात येऊन गेला असणार. पण तो कुणी उघड बोलून दाखवला नाही. कंपनीने मात्र सत्तावन्नच्या ऑक्टोबरात पत्रच धाडलं. गुरुवारी सकाळच्या गाडीत कंपनीचा माणूस असेल. थिओडोराला किती उतारू चढतात ते तो मोजेल. दहाच्या खाली निघाले तर थांबा रद्द आणि स्टेशन बंद.

हुल्डाने पत्र फळ्यावर लावलं, चारही कोपऱ्यांना नीट टाचण्या मारून. ती राहायची स्टेशनच्याच माडीवर. स्टेशन गेलं की नोकरी गेली आणि डोक्यावरचं छप्परही गेलं. मग छप्पन्नाव्या वर्षी बाराशे मैलांवर स्पोकेनला भावाकडे जायचं, भावजयीच्या शिवणयंत्रामागच्या कॉटवर झोपायला. हे सगळ्या गावाला माहीत होतं.

मंगळवारी चर्चच्या तळघरात सभा भरली. धान्याच्या कोठाराचा मालक एमिल ग्रॅबो उठला. गावात बोलायचं धाडस असलेला तो एकटाच, कारण त्याची आई जर्मन.

"दहाच माणसं हवीत ना? आपण चाळीस जाऊ! सकाळी जायचं, आल्डेनबर्गला बाजार करायचा, दुपारी चारच्या गाडीने परत. बोला, कोण कोण येतंय?"

कुणाचा हात वर होईना.

"अरे, तोंडात काय मूग धरलेत का?"

"जायला काही हरकत नाही," पास्टर टॉलेफसन म्हणाले. "पण एखाद्याला जास्त गरज असली तर माझी जागा त्याला देईन."

"पास्टर, गाडी रिकामी असते! दोन डबे! जागाच जागा!"

तासाभराच्या आग्रहानंतर चाळीस नावं लिहिली गेली. मग कॉफी आली. कॉफीला आमच्यात दोनदा 'नको' म्हणायचं, तिसऱ्यांदा 'बरं, अर्धा कप' म्हणायचं. केकचा शेवटचा तुकडा कुणी घ्यायचा नसतो. त्याचा अर्धा घ्यायचा. पुढच्याने त्या अर्ध्याचा अर्धा. त्या दिवशी ताटात उरलेला केक मुंगीलासुद्धा पुरला नसता, पण ताट काही रिकामं झालं नाही.

गुरुवार उजाडला. साडेनऊलाच चाळीस माणसं फलाटावर हजर. बायकांनी रविवारच्या टोप्या घातलेल्या. हुल्डाने एकेकाला तिकीट फाडून दिलं. शिवाय ब्रश विकणारा एक फिरता विक्रेता होता, परगावचा, म्हणजे एक्केचाळीस. तिचे गाल लाल झाले होते. एकतीस वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, जिंकलो.

गाडी आली. दोन मिनिटांचा थांबा. पुढच्या डब्याचं दार उघडलं, गार्ड फ्लॉइडने पायरीखाली स्टूल ठेवलं. दारात कंपनीचा कारकून उभा, हातात मोजणीचं टिकटिक यंत्र.

स्टुलाच्या सगळ्यात जवळ मी होतो. मी. हे मी मुद्दाम सांगतोय. माझ्या उजव्या हाताला पास्टरीणबाई. आता बाई शेजारी असताना मी कसा चढू?

"चला, पास्टरीणबाई."

"छे छे, तुम्ही आधी आलात, आर्विड. तुम्ही चढा."

"असं कसं? तुम्हीच."

"अहो, माझ्या मागे ओल्सनच्या आजी आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. आजी, या पुढे."

"अगं बाई, माझं काय अडलंय? ग्रॅबोच्या सुनेच्या कडेवर लेकरू आहे, तिला जाऊ दे आधी."

"नाही हो आजी, तुम्ही मोठ्या."

एमिल मागून ओरडत होता, "चढा ना, च्यायला!" मी वळून म्हटलं, "मग तू ये की पुढे!" तर तो वाघ एकदम शेळी झाला. "नाही बुवा, बायकांच्या आधी मी कसा?" जर्मन आई काय कामाची!

तेवढ्यात म्हातारा वेन्झेल कुचेरा सगळ्यांच्या मधून वाट काढत आला आणि सरळ डब्यात चढला. तो ठार बहिरा. कोण कुणाला आधी म्हणतंय, ते त्याला ऐकूच आलं नव्हतं. त्याच्या मागोमाग तो ब्रशवाला चढला. टिक. टिक.

"चढताय की नाही?" फ्लॉइडने विचारलं.

"हो हो, चढतोय ना," आम्ही पाचसहा जण एकदमच म्हणालो, आणि पुन्हा एकमेकांकडे वळलो.

फ्लॉइडने स्टेशनच्या दाराकडे पाहिलं. हुल्डा तिथे उभी होती. तिच्या मागच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि काटा दोन मिनिटांच्या पुढे सरकला होता. फ्लॉइडने आणखी थोडी कळ काढली. मग स्टूल उचललं, हात हलवला, आणि गाडी आमच्या टोप्यांसमोरून निघून गेली. पास्टरीणबाई तेवढ्या म्हणाल्या, "आज वारा मात्र आहे हं." आणि आम्ही आपापल्या घरी गेलो.

दुपारी चारला कुणी न बोलावता सगळे पुन्हा फलाटावर आलो. गाडीतून कुचेरा उतरला, खुशीत, हातात नवं फावडं.

"कुठे बसला होतात रे सगळे?" तो मोठ्याने म्हणाला. "दोन्ही डबे धुंडाळले मी!"

त्याच्या मागून कारकून उतरला. साधा, चष्मेवाला माणूस. त्याने एक कागद हुल्डासमोर खिडकीत ठेवला. आम्ही सगळे ऐकत होतो.

"बाई, कागदावर स्टेशनमास्तरचा आकडा आणि सही लागते. माझं हे यंत्र जुनं आहे, कधी कधी अडकतं. वरती तुमचाच आकडा धरतात. तिकिटं किती गेली?"

"एक्केचाळीस."

"मग?" कारकून म्हणाला, आणि शहाण्या माणसासारखा फळ्यावरच्या सूचना वाचायला वळला.

हुल्डाने पेन उचललं. मग तिने आमच्याकडे पाहिलं. पास्टरकडे, एमिलकडे, ओल्सनच्या आजीकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ. मी बुटाकडे पाहायला लागलो. मनात म्हणालो, आता ही खोटं लिहिते की काय! आणि लगेच म्हणालो, छे, बेचाळीस पौंडवाली बाई, ती कसली लिहितेय.

तिने लिहिलं: दोन.

गाव त्या रात्री अभिमानाने जेवलं. एमिल म्हणाला, "ह्याला म्हणतात सचोटी." पास्टरांनी रविवारी त्यावर प्रवचन दिलं. हुल्डा पहिल्या रांगेत बसून ऐकत होती.

स्टेशन मार्चमध्ये बंद होणार होतं. मधे अख्खा हिवाळा होता. ग्रॅबोकडे चार खोल्या रिकाम्या. पास्टरांच्या माडीवर तर दोन बिऱ्हाडं राहतील. आणि माझ्या कारखान्याच्या वरची खोली, शेगडीसकट, सहा वर्षं रिकामी. शिवाय मला वह्या लिहायला माणूस हवाच होता. माझे आकडे कसे असतात ते तुम्ही पाहिलंच. मी नोव्हेंबरात ती खोली रंगवून घेतली. खिडकीला पडदे लावले. पण म्हटलं, आपण होऊन कसं बोलायचं? तिला वाटेल, उपकार करतोय. किंवा भलतंच काही वाटेल. पास्टरांचा तिच्याशी जास्त घरोबा, ते बोलतीलच. पास्टरांना वाटत होतं, आर्विड बोलेल. हे मला पुढे कळलं.

मार्चमध्ये तळघरात निरोपाचा समारंभ झाला. गावाने हुल्डाला काय भेट द्यावी? सूटकेस. चांगली, पितळी कड्यांची. मला ती पाहून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. तरी मी टाळ्या वाजवल्या.

गाडी आता थिओडोराला थांबत नव्हती. म्हणून मी हुल्डाला माझ्या ट्रकमधून आल्डेनबर्गच्या स्टेशनवर सोडायला निघालो. एकोणीस मैल. पहिले बारा मैल आम्ही बर्फाबद्दल बोललो. मग माझ्याने राहवेना.

"हुल्डा, एक विचारू? त्या दिवशी कारकुनाने तर मान वळवली होती. एक्केचाळीस लिहिलं असतंस तर कोण बघायला आलं होतं?"

"कुणी नाही."

"मग? तुझ्या तत्त्वात बसलं नसतं, होय ना?"

ती हसली. अगदी मोकळी हसली.

"तत्त्व कसलं, आर्विड? अकरा वर्षं मिस्टरांचा पगार खाल्ला मी. पेन उचललं ना, तेव्हा एक्केचाळीसच लिहायचं ठरवलं होतं."

"मग गं?"

"वाटलं, तुमच्यातल्या एकाने तरी म्हणावं, लिही हुल्डा. एवढंच. तू राहा, असं एकाने म्हणावं. मी थांबले होते रे. एकेकाचं तोंड बघितलं. कुणाला माझी एवढी गरज नसेल तर खोटं तरी कुणासाठी लिहायचं?"

लाज वाटली, लाज. जन्मात वाटली नव्हती एवढी. खोली, पडदे, वह्या, सगळं जिभेच्या टोकावर आलं. अजून सात मैल होते. ट्रक वळवायला शेतात पाहिजे तेवढी जागा होती.

आल्डेनबर्ग आलं. मी सूटकेस उतरवली. गाडी फलाटावर लागली. हुल्डा पायरीपाशी उभी राहिली, माझ्याकडे तोंड करून. गार्डने घड्याळ पाहिलं.

"बरं मग," हुल्डा म्हणाली.

मी घसा खाकरला. "जपून जा. पुढे घाटात बर्फ असेल."

"असेल," ती म्हणाली, आणि चढली.

वरच्या खोलीत आता मी रिकामे कॅन ठेवतो. पडदे तसेच आहेत.