दोर

आमच्या लालबागच्या चाळीत कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बोटाएवढ्या जाड आणि लाल-निळ्या आहेत. एके काळी त्यांवर माणसं लटकायची. ही कृपा आमच्या मजल्यावरच्या काकांची.

सुळका चढायला जायच्या आदल्या दिवशी काका आम्हा चाळीतल्या पोरांच्या सॅक भरतात, म्हणजे आधी सगळ्या रिकाम्या करतात.

“जीन्स काढ. भिजली की सुकत नाय ती. आणि हा परफ्यूम? वर कोण येतंय रे तुझा वास घ्यायला?”

शेवटी ते गॅलरीत मांडी घालून बसतात, डोळे मिटतात आणि चढाईचा अख्खा दोर बोटांतून सरकवत जातात. तेवढा वेळ त्यांच्याशी कोणी बोलत नाही.

मागच्या महिन्यात त्यांची बोटं मध्येच थांबली. तेवढ्या जागी दोर मऊ लागत होता, आतले धागे तुटल्यासारखा. आधीच्या चढाईत माझ्या पायाखालून सुटलेला धोंडा तिथेच आदळला होता. ते फक्त मी पाहिलं होतं, आणि शिव्या पडतील म्हणून गप्प बसलो होतो.

“नवाच तर आहे काका,” मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. सुरी पुढे केली.

“तूच काप.”

दुसऱ्या दिवशीची चढाई रद्द झाली. त्या दोराचा एक तुकडा काकांनी आमच्याच दारासमोर बांधला. आई त्यावर माझे शर्ट वाळत घालते.

काल नवा दोर आला. काकांनी तो थेट माझ्या मांडीवर टाकला.

“मीट डोळे,” म्हणाले.