वहिनींचं कोलम आणि माझी दुरुस्ती

अण्णांविषयी लिही, असं अनेकांनी सांगितलं. चार वर्षं मी टाळलं. लिहायचं तर माझ्याविषयीही खरं लिहावं लागलं असतं.

माधवराव, म्हणजे माझे थोरले भाऊ, आमचे अण्णा, तमिळनाडूत कुंभकोणमला महामखम तळ्यामागच्या गल्लीत राहत. निवृत्तीनंतर त्यांनी एका जुन्या घरगुती संगणकाचा ध्यास घेतला. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून प्रोग्रॅम भरायचा, तसला. अण्णांना त्याचा वारस घडवायचा होता. बोर्ड नवा, चिप्स नव्या, पण जुना प्रत्येक प्रोग्रॅम जसाच्या तसा चालला पाहिजे. त्यांच्या दिवंगत पत्नीनं, रुक्मिणीवहिनींनी, शाळेत गणित शिकवताना त्या संगणकासाठी कोलम काढणारा एक प्रोग्रॅम लिहिला होता. कोलम म्हणजे ठिपक्यांभोवती एकाच रेघेनं फिरून पूर्ण होणारी इकडची रांगोळी.

जुनं यंत्र शेवटच्या घटका मोजत होतं. तेवढ्यात त्याची प्रत्येक खोड अण्णांनी वहीत उतरवली. मी पुण्यात चाळीस वर्षं यंत्रांतले दोष काढायची नोकरी करून परतलेलो, आणि त्यांच्या मदतीला लागलेलो. मी वैतागायचो.

"अण्णा, हा सरळ दोष आहे. काढून टाकू या."

"अय्यो केशवा, तूं डॉक्टर काय?" आमच्या तंजावरी मराठीत ते फटकारत. "जुनें जिथें चुकतें, तिथें नव्यानेंही चुकावें. त्या चुकेवर भरंवसा ठेवोन कोणीं कांहीं लिहिलें असेल."

पडद्यावर चित्र उमटवणारा भाग माझ्याकडे होता. जुन्या यंत्रात उजव्या कडेबाहेर गेलेली रेघ डावीकडून परत आत यायची. मला ते गचाळ वाटलं. अण्णांना न सांगता मी ते दुरुस्त केलं. माझं काम त्यांनी तपासलं नाही. वहिनींची कॅसेटही घरी लावली नाही. "पहिल्यानें शाळेंतच लावूं. तिच्या मुलींपुढें."

वहिनींच्या त्या विद्यार्थिनींचे केस आता पिकले होते. सभागृहात सगळ्या खुर्च्या पुढे ओढून बसल्या. ठिपके उमटले. रेघ निघाली, वळणं घेत उजव्या कडेला पोचली आणि संपली. डावीकडे काहीच आलं नाही.

"टीचरचं कोलम असं उघडं नव्हतं," कुणीतरी तमिळमध्ये हळूच म्हणालं.

अण्णा उठले. हात जोडून तमिळमध्येच म्हणाले, "चूक माझी. वय झालं."

मी शेजारीच होतो. काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मी कॅसेट काढून डबीत घातली.

नंतर कित्येक दिवस ते स्वतःची वही तपासत राहिले. मी माझी दुरुस्ती गुपचूप काढली, पण बोर्ड पुन्हा लावायला ते तयार होईनात. "हात आतां भरंवशाचा नाहीं रे."

इस्पितळात त्यांना भेटायला गेलो तो सांगायचं ठरवूनच. त्यांनी माझा हात धरला. "तूं होतास म्हणोन इतकें तरी झालें."

मी म्हणालो, "पेज घेतलीत का?"

दुसऱ्या दिवशी ते गेले.

अण्णा, ती खोड तुमच्या वहीत होती. तुम्ही बरोबर लिहिली होती, मी वाचलीही होती. काढली मी. तुम्ही सगळ्यांपुढे हात जोडलेत, तेव्हा उठून हे मी बोलायला हवं होतं. मला क्षमा करा.