आपांचं ऊन

मण्यांचे दागिने विकणारी बाई स्वतः एक मणीही घालत नाही, हे मी फक्त आपांच्या बाबतीत पाहिलं. मोकळा गळा, मोकळी मनगटं आणि राखाडी ओढणी. मी मात्र दोन माळा, चार कडी आणि कानात झुलणारं काहीतरी घालून टेबलामागे उभी. "आपा, तुम्ही काय विकता ते गिऱ्हाइकाला कळणार कसं?" एकदा मी टोचून विचारलं. त्या म्हणाल्या, "मी सजले तर बाई माझ्याकडे बघेल. तिनं आरशात बघायला हवं."

एरंडवण्यातल्या एका मंगल कार्यालयात दिवाळीआधी प्रदर्शन भरतं. तिथे नऊ वर्षं आमची टेबलं शेजारी होती. आपा बुधवार पेठेतल्या, तीन पिढ्या रेशमी दोऱ्यात दागिने गाठवणाऱ्या घरातल्या. मी यवतमाळहून लग्न होऊन खडकीच्या क्वार्टरमध्ये आलेली. मला मणी ओवायला कुणी शिकवलं नाही आणि घासाघीस करायलाही नाही. मण्यांचा व्यापारी मला लांबून येताना बघूनच चहा सांगून ठेवतो. आता तासभर भावावरून घासाघीस चालणार, हे त्याला ठाऊक असतं. भावात आपा माझ्यापुढे टिकल्या नसत्या. तरी गर्दी त्यांच्याकडे. नऊ वर्षं ते मला खुपलं.

हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. कुणी माळ उचलली की म्हणायच्या, "बाहेर उन्हात बघून या." पैसे घेणं नाही, नाव विचारणं नाही. बाई माळ घेऊन सरळ दाराबाहेर! एखादी तरी पळेल म्हणून मी मनापासून वाट बघायचे. एकही पळाली नाही.

त्याहून संताप यायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. "हा रंग तुम्हाला खुलत नाही," असं त्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायच्या आणि माझ्याकडे बोट दाखवायच्या. "शेजारी ताईंकडे जांभळा आहे, तो घ्या." त्यांच्यामुळे माझा माल खपायचा आणि माझा तिळपापड व्हायचा. एकदा मी भर प्रदर्शनात ओरडले, "तुमची शिफारस नकोय मला!"

"तुमची कुठे करतेय?" आपा शांतपणे म्हणाल्या. "जांभळ्याची करतेय."

मग मी ठरवलं, त्यांचा रंगच उचलायचा. त्यांच्या अबोली माळेचा गुपचूप फोटो काढला, फोन समोर ठेवून मणी निवडले आणि पुढच्या वर्षी तशाच चाळीस माळा मांडल्या. एक बाई दोघींच्या माळा घेऊन उन्हात गेली आणि हसत परत आली. माझी माळ चक्क गाजरी होती. आपांनी ती हातात घेऊन पाहिली. "फोनमध्ये अबोली अशीच दिसते. मागितला असतात तर मणी दिला असता." त्या ओरडल्या असत्या तर मी चार शब्द सुनावले असते. त्यांनी तेवढीही सोय ठेवली नाही.

गेल्या वर्षी त्यांनी टेबल मांडलं नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, ओवणं बंद झालं होतं आणि त्या हडपसरला मुलाकडे राहायला चालल्या होत्या. तरी प्रदर्शनाच्या दिवशी माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "ताई, एक माळ निवडून द्या." मी पंधरा माळा बाजूला सारून मोरपंखी काढली आणि त्यांना मीच उन्हात घेऊन गेले. त्यांनी ती बराच वेळ निरखली. नऊ वर्षांत एकदा तरी त्या 'छान' म्हणतील, एवढीच माझी आशा होती.

"कमी करा काहीतरी," आपा म्हणाल्या. चांगली पाव तास घासाघीस केली, माळ पिशवीत टाकली आणि गेल्या.

त्या न मिळालेल्या शब्दावरून मी वर्षभर धुमसत होते. यंदा एक तरुण मुलगी टेबलापाशी आली. तिच्या गळ्यातली मोरपंखी माळ मी लांबूनच ओळखली. माझीच होती.

"मी आपांची सून. अम्मी उन्हाळ्यात गेल्या," ती म्हणाली. "ही माळ तुम्हाला दाखवून यायला सांगितलं होतं त्यांनी. पण उन्हात."

आम्ही बाहेर गेलो. तिच्या सावळ्या गळ्यावर तो मोरपंखी विलक्षण खुलला होता. मी तो निवडला होता आपांच्या गोऱ्यापान, सुरकुतलेल्या गळ्यासाठी. त्यांना मात्र त्या दिवशीच त्या माळेत ही मुलगी दिसली होती. मणी माझे, गाठ माझी आणि नजर पुन्हा त्यांचीच!

"दुसऱ्या कुणाच्या हातचा दागिना अम्मींनी घरात आणला तो हा एकच," ती म्हणाली.

मग तेव्हाच सांगायला काय झालं होतं? भांडायला आता त्या नाहीत, याचाही मला राग आला.

आत आले तर एक बाई जांभळी माळ दिव्याखाली धरून उभी होती. "बाहेर उन्हात बघून या," मी म्हटलं. ती गेली. ती परत येईपर्यंत मी दारावरची नजर हलवली नाही. आपा दाराकडे कधी बघायच्याही नाहीत.