बोनटाला कुलूप

मिस्तरी लोक काम झाल्यावर हात धुतात. आमचे मिस्तरी काम सुरू करण्याआधी धुवायचे. साबण लावून, कोपरापर्यंत, जेवायला बसणाऱ्या माणसासारखे. मग टॉवेलला हात पुसून माझ्या गाडीचं बोनट उघडायचे. वाशीममधल्या दुसऱ्या कुठल्याच गॅरेजात असला प्रकार मी पाहिला नव्हता, त्यामुळे पहिल्याच दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकली. इतकं स्वच्छ वागणाऱ्या माणसाला काहीतरी लपवायचं असतं, असा माझा अनुभव.

माझा स्वभावच तसा. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि परीक्षेत कॉप्या पकडल्या. दुसऱ्या कामात जास्त नाव काढलं. पेट्रोल पंपावर शून्य दिसल्याशिवाय मी नळी लावू देत नाही. बायको म्हणते, "डॉक्टरनं ताप सांगतला तरी तुमी दुसरं थर्मामीटर मागता." मागतो. त्यात काय चुकलं?

आमच्या भागातल्या एका जिनिंगवाल्या शेटजींनी कधीकाळी दोन मुलांसाठी एकाच साच्यातल्या दोन विलायती गाड्या आणल्या होत्या. दोन माणसांच्या, बिनटपाच्या, जमिनीला पोट लावून पळणाऱ्या. लहानपणी अनसिंगच्या रस्त्यावर त्या धुरळा उडवत जाताना पाहिल्या आणि मी वेडाच झालो. मिस्तरींचंही तेच झालं होतं. पुढे शेटजींचं बस्तान उठलं, गाड्या सरकीच्या पोत्यांमागे गंजत पडल्या. हिरवी मी घेतली, लाल मिस्तरींनी. लोक म्हणाले, वाशीमात दोनच येडे होते, बरं झालं, दोघायले एकेक पुरली.

माझी हिरवी उभी करायला मिस्तरींना सहा वर्षं लागली. काढलेला प्रत्येक भाग ते पांढऱ्या चादरीवर ओळीने मांडायचे आणि ती चादर कुणाला ओलांडू द्यायचे नाहीत. मी शेजारी स्टूल टाकून बसायचो. कौतुकाने नव्हे, पहारा द्यायला. जुन्या गाडीचा अस्सल भाग काढून डुप्लिकेट बसवायचा आणि अस्सल बाहेर विकायचा, हे धंदे मला ठाऊक होते. मिस्तरींना पहारा कळत होताच. "बसा सर," म्हणायचे, "तुमी पाहून राह्यले की माह्या हातून एकही नट ढिला राहत नाही." एकदा मात्र पत्रा घासता घासता बोलले, "शक म्हन्जे जंग हाय, सर. वरून कितीबी रंग लावा, आतून पत्रा खाते." टोमणा कुणाला होता हे मला समजलं. मी स्टूल आणखी जवळ ओढलं.

गाडी चालू झाली. मग एकदा परीक्षेच्या कामासाठी मला चार दिवस बाहेरगावी जायचं होतं आणि ब्रेकसाठी गाडी मिस्तरींकडे सोडणं भाग होतं. चार दिवस, आणि पहारा नाही! आदल्या संध्याकाळी मी घरीच हातोडी आणि टोकदार पंच घेतला आणि इंजिनाच्या प्रत्येक मोलाच्या भागावर तीन बारीक ठिपके ठोकले. आता बदला म्हणावं! कार्बोरेटरवर, म्हणजे हवा नि पेट्रोल मिसळणाऱ्या भागावर, तिसरा ठिपका जरा जोरात बसला. म्हटलं, चांगलंच आहे, ठळक दिसेल. दुसऱ्या दिवशी गाडी धापा टाकत कशीबशी गॅरेजात पोचली. मिस्तरींनी कान लावला. "हवा खाऊन राह्यली कुठून तरी," म्हणाले. "तुमी जा सर, म्या पाहतो."

परत आलो तेव्हा गाडी लोण्यासारखी चालत होती. घरी आणून बोनट उघडलं आणि ठिपके तपासले. सगळीकडे होते. कार्बोरेटरवर नव्हते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तसाच उलट गॅरेजात गेलो. चार गिऱ्हाइकं चहा पीत बसली होती, त्यांच्यासमोरच ओरडलो, "मिस्तरी, माहा कार्बोरेटर कुठी हाय? याच्यावर माही खूण नाही. चोरी हाय ही!"

मिस्तरींनी हातातला पाना खाली ठेवला. "गाडी चालून राह्यली ना, सर?"

"चालते. पण..."

"मंग चालवा."

बस, एवढंच. नाही म्हणाले नाहीत, रागावले नाहीत. निर्दोष माणूस आकाशपाताळ एक करतो. हा गप्प बसतो म्हणजे चोरच, असं मी मनाशी पक्कं केलं.

तरी जात राहिलो त्यांच्याकडेच. त्या गाडीला हात लावणारा जिल्ह्यात दुसरा होता कोण? तेही पूर्वीसारखेच हात धुऊन बोनट उघडायचे. फरक पडला तो त्यांच्या लाल गाडीत. दर शुक्रवारी दुपारी ते तिच्यातून एक चक्कर मारत; ती बंद झाली. गाडी घरामागच्या शेडमध्ये उभी, आणि बोनटाला चक्क कुलूप! ज्या गाडीला टपही नाही तिच्या बोनटाला! "काहून चालवत नाही?" विचारलं की म्हणायचे, "चालवू नं सर, घाई कायची हाय? एक दिवस बेगमले बसवून शिरपूरपर्यंत जाईन." मी शेडकडे पाऊल टाकलं की भाभी, म्हणजे त्यांची बायको, चहाचा कप घेऊन आडव्या यायच्या. माझी खात्रीच पटली. माझा कार्बोरेटर त्या कुलपाआड आहे. अकरा वर्षं मी तो चहा प्यायलो आणि त्या कुलपाकडे बघत बसलो.

गेल्या उन्हाळ्यात मिस्तरी गेले. मी कब्रस्तानात गेलो, माती दिली. खरं सांगतो, मूठभर माती टाकतानाही मनात आलं, आता ते कुलूप कोण उघडणार? लाज वाटते सांगायला, पण आलं.

दोन महिन्यांनी भाभींचाच फोन आला. लाल गाडी पाहायला नागपूरहून कुणी येणार होता. गेलो तर त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "तेच सांगून गेले, सर. म्हने, म्या हाय तोवर सरायले बोनट उघडू देऊ नोको. अन् गाडी विकाची वेळ आली त सरायलेच बोलवजो, त्यायले कोनी फसवू शकत नाही."

कुलूप काढलं. कार्बोरेटर समोरच होता. त्यावर तीन ठिपके, माझेच. एक क्षण वाटलंसुद्धा, बघा, मी म्हणत नव्हतो? मग बोट फिरवलं. तिसऱ्या ठिपक्यातून निघालेली केसाएवढी चीर थेट खालपर्यंत गेली होती. तो ठिसूळ धातू माझ्याच हातोडीने फुटला होता आणि तिथूनच हवा शिरत होती. असला दुसरा कार्बोरेटर बाजारात मिळणारा नव्हता. आमच्या मुलखात एकच होता, लाल गाडीत. मिस्तरींनी तो काढून माझ्या गाडीला दिला, माझा फुटका स्वतःच्या गाडीला लावला आणि मला कळू नये म्हणून कुलूप घातलं. चार लोकांत चोर म्हणवून घेतलं, पण "सर, तुमीच फोडला" एवढे तीन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत.

मी तिथेच चाकाजवळ बसलो आणि रडलो. "भाभी, मी त्यांना चोर म्हणालो."

"मालूम हाय मले. घरी येऊन हसत होते. म्हने, सरायनं पेपर बरोबर तपासला, मार्क तेवढे चुकीचे देल्ले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हात धुतले. साबण लावून, कोपरापर्यंत. माझ्या हिरवीतला कार्बोरेटर काढला आणि लाल गाडीत, त्याच्या मूळ जागी, बसवला. भाभींना बसवून शिरपूरपर्यंत नेऊन आणलं. वाटभर त्या पदर घट्ट धरून बसल्या होत्या.

दुपारी नागपूरचा माणूस आला. तो माझ्याच पठडीतला निघाला. टॉर्च लावून तासभर बोनटात वाकून राहिला. शेवटी कार्बोरेटरवर बोट ठेवून म्हणाला, "हा याच गाडीचा आहे, कशावरून?"

"त्यावर खूण नाही, यावरून," मी म्हणालो.

तो माझ्याकडे संशयाने पाहत राहिला. दारात उभ्या असलेल्या भाभी तोंडाला पदर लावून चहा आणायला आत गेल्या.