चिठ्ठीवरचे नाव

जयलक्ष्मीपुरममधले माझे ख्रिस्ती शेजारी दर शनिवारी आजाऱ्यांची नावे चिठ्ठ्यांवर लिहितात. रविवारी चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना होते. कंपवातामुळे उजवे मनगट डाव्या हाताने धरून ते एकेक अक्षर काढतात. मी लिहून देऊ केले, तेव्हा हसले. "मग प्रार्थना तुमची होईल, सार."

माझ्या पत्नीला ते अम्मा म्हणत. ती अंथरुणाला खिळली तेव्हा ते दारात आले.

"अम्मांचं नाव सांगा."

"आमचा त्यावर विश्वास नाही."

"माझा पुरेल, सार."

मी नाव सांगितले नाही. गुरुवारी ती गेली. शनिवारी ते पुन्हा आले.

"आता तुमच्यासाठी लिहितो. पूर्ण नाव सांगा."

मी तिचे सांगितले. शेवटच्या अक्षरापर्यंत त्यांनी ते लिहिले.